सहीचा अधिकार कोणाचा?



चातुर्मासात शहापुरात पावसाने एकदा ठाण मांडले की माहुलीचा किल्ला ढगांआड जातो आणि सकाळचे फिरणे सुटते. ओल्या वाटेवरील सूक्ष्म जीवांची विराधना टाळावी, म्हणूनही आपल्यातील अनेक जण या दिवसांत बाहेर जाणे आवरते घेतात. दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला मग घरातील व्यायामसायकलीचाच आधार उरतो. ती ब्लूटूथने मोबाइलच्या ॲपशी जोडल्यावर पडद्यावर चढ आला की पायडल आपोआप जड व्हावे, ही अपेक्षा असते. पुष्कळदा वेग दिसतो, फेऱ्या मोजल्या जातात. जडपणा मात्र तसूभरही बदलत नाही. मग सायकल बिघडली असे ठरवून नवीन घेण्याचा विचार सुरू होतो.

हा निष्कर्ष घाईचा आहे. पेढीची खातेवही पाहण्याची मुभा अनेकांना असते. धनादेशावर सही मात्र नेमलेल्याचीच चालते. येथेही वेग कळवणे हे एक काम आणि ॲपचा हुकूम मानणे हे दुसरे. २०१७ साली ठरलेल्या ‘फिटनेस मशीन सर्व्हिस’ या ब्लूटूथच्या समान नियमानुसार ॲपने आधी सायकलीकडे नियंत्रण मागायचे असते. तिने होकार दिल्यावरच हुकूम लागू होतो.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. जडपणा केवळ हाताने फिरवायच्या खुंटीने बदलत असेल, तर कोणतेही ॲप ती खुंटी फिरवू शकणार नाही. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. आत मोटर असेल, तर विजेची जोडणी पाहावी. घरातील दुसऱ्या मोबाइलने सायकल आधीच धरून ठेवलेली नाही ना, याची खात्री करावी. बहुतेक सायकली एका वेळी एकाचेच ऐकतात. मोबाइलच्या ब्लूटूथ यादीतील जुनी जोडणी काढून ॲपमधूनच सायकल शोधावी. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या मोबाइलवर त्यासाठी लोकेशनची परवानगीही लागते. काही ॲपमध्ये माहितीसाठी आणि नियंत्रणासाठी वेगवेगळे रकाने असतात. दुसरा रिकामा राहिला, तर सही झालेलीच नसते.

अधिकार मिळाल्यावर मात्र विवेक हवा. ‘अर्ग’ नावाच्या पद्धतीत ॲप ठरावीक शक्ती कायम राखते. पाय मंदावले की पायडल हलके न होता अधिकच जड होते. तरुणाला हे आव्हान वाटेल. गुडघे किंवा हृदय नाजूक असलेल्या वडीलधाऱ्यांना ते महागात पडू शकते. मुलाने लावलेल्या पद्धतीवर आजोबांना बसवू नये. त्यांच्यासाठी ॲपचे नियंत्रण बंद ठेवावे आणि भार वैद्यांच्या सल्ल्याने हातानेच बेताचा ठेवावा.

नवी सायकल आणण्यापूर्वी एवढे पाहिले, तर खर्चही वाचेल आणि अपरिग्रहही सांभाळला जाईल.