कलामसाहेबांसारखा हो!

शाळेत पाहुणे आले की माझं नाव ऐकून हमखास म्हणत, "कलामसाहेबांसारखा हो!" कलाम मला आवडतच होते. १९७९ मध्ये एसएलव्ही-३ समुद्रात कोसळलं आणि १९८० मध्ये त्याच बनावटीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला, हे मला पाठ होतं. पण पाहुण्यांना रॉकेटशी घेणंदेणं नसे. माझ्याकडून 'चांगला मुसलमान' असल्याचा दाखला तेवढा हवा असे. आदर्शाचा असा दाखला केला की त्याचं काम दिसेनासं होतं, असं माझं मत आहे.

इंजिनिअरिंगला फझलुर रहमान खान भेटले, पुस्तकात. मूळचे ढाक्याचे. गगनचुंबी इमारतीला वजनाइतकाच वाराही छळतो, म्हणून त्यांनी भार पेलणारा सांगाडा बाहेरच्या भिंतींकडे नेला, पोकळ नळीसारखा. अशा नऊ नळ्या एकत्र बांधून शिकागोचा ११० मजली सिअर्स टॉवर उभा राहिला. त्या रात्री मी नऊ स्ट्रॉ रबराने बांधून वाकवत बसलो होतो. (रूममेट हसला, मग तोही बसला.) खानांचा धर्म वर्गात कुणी काढला नाही.

आता मुलगी आठवीत आहे. तिला कलामांची गोष्ट मी त्या पडलेल्या रॉकेटपासून सांगितली. दुसऱ्या टप्प्यातली झडप बिघडली होती, म्हणालो.

"मग उडवायच्या आधी तपासली नव्हती का, अब्बू?"