मास्तरांचं पहिलं लाटणं

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, निवृत्त मास्तरांच्या पडवीतून हल्ली संध्याकाळी लेथची घरघर ऐकू येते. मधेच खाडकन काहीतरी वाजतं आणि सगळं शांत होतं. शेजाऱ्यांना आता ठाऊक झालंय, पटाशी अडकली.

खेड्यात लेथवर लाकूड कातायला शिकणाऱ्याला लाकडाची ददात नसते. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने कोकणात कितीतरी झाडं आडवी केली; मास्तरांच्या मांगरात फणसाचे आणि शिवणीचे ओंडके तेव्हाचेच. पण ओलं लाकूड टोकांकडून आधी सुकतं आणि तडकतं. म्हणून कापल्या दिवशीच टोकांना मेण नाहीतर उरलासुरला ऑइलपेंट फासायचा असतो. मास्तरांना हे कळेपर्यंत निम्मे ओंडके चुलीच्या लायकीचे झाले होते.

खरी वाण आहे ती शिकवणाऱ्याची. दारं-खिडक्या करणारा सुतार गावोगाव सापडतो. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब कातून देणारा कातारी मात्र शोधावा लागतो. मास्तर शेवटी सावंतवाडीला गेले. तिथली चितारआळी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी नावाजलेली. एका म्हाताऱ्या कारागिराने त्यांना शेजारी उभं केलं आणि आधी अंगातला झब्बा बदलायला लावला. सैल बाही नको, गळ्यात काही लोंबतं नको, हातमोजे तर मुळीच नकोत. फिरत्या लाकडाने मोजा धरला की हातही त्याच्याबरोबर जातो. चष्मा मात्र हवाच.

मग पटाशी. नवशिक्या थेट धार लाकडात घुसवतो, तिथेच ती अडकते. धारेमागचा उतार आधी लाकडावर नुसता टेकवायचा, घासू द्यायचा, आणि मूठ अगदी हळू वर उचलत न्यायची. धार कापायला लागली की लांब, कुरळ्या ढलप्या सुटतात. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की समजावं, पटाशी बोथट झाली. मास्तरांचा पहिला महिना लाकूड कातण्यापेक्षा धार लावण्यातच गेला, आणि ओबडधोबड ओंडका मिनिटाला ५००-६०० फेऱ्यांच्या वर न्यायचा नाही, हे शिकण्यात. संध्याकाळी गावचं व्होल्टेज पडतं, तेव्हा दुसरा धडा आपोआपच पाळला जातो!

रंगकामाचं त्यांना भारी आकर्षण. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला फिरत्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला चिकटते, आणि वरून केवड्याच्या जातीचं पान घासलं की चकाकी येते. केवडा तर मास्तरांच्या वहाळाकाठीच आहे. पण लाखेच्या आधी खेळणं गोल व्हायला हवं ना.

परवा त्यांनी शिवणीचं पहिलं लाटणं पुरं केलं. दिसायला देखणं. मास्तरीणबाईंनी ते ओट्यावर ठेवून हलकेच ढकललं, तर सरळ न जाता ते कमान घेत डावीकडे वळलं. डावं टोक उजव्यापेक्षा बारीक होतं.

“पापडांक चालात,” बाई म्हणाल्या आणि लाटणं धुवायला घेऊन गेल्या.