हायस्कूलचे चौथे वर्ष

निकाल लागले की आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलासमोर एक तरी जोडपे येऊन बसते. मुलगा मागे खुर्चीत मोबाइल चाळत असतो आणि आई विचारते, "सर, ड्रॉप घेऊ द्यावा का?" हा प्रश्न चीनमध्येही दर जूनअखेरीस घरोघर विचारला जातो. २०२४ च्या गाओकाओला, म्हणजे तिथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला, १ कोटी ३४ लाख २० हजार उमेदवारांनी नोंदणी केली होती. तिथले हायस्कूल तीन वर्षांचे. पुन्हा परीक्षेला बसणाऱ्याच्या वर्षाला बोलीत 'गाओ सी' म्हणतात, म्हणजे हायस्कूलचे चौथे वर्ष.

तिथल्या रिपीटरांविषयी आपल्याकडे काही वाचायला मिळालेच, तर ते माओतानछांगचे असते. आन्हुई प्रांतातल्या या डोंगराळ गावाचा सारा व्यवहार गाओकाओवर चालतो. आया मुलांसाठी भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात आणि परीक्षेला निघालेल्या बसगाड्यांना निरोप द्यायला गाव रस्त्यावर उतरते. सरकारी हायस्कुलांनी रिपीटर घेऊ नयेत असा नियम आहे. तेव्हा सरकारी शाळेला लागूनच खासगी शाळा उभी राहिली. लातूर पाहिलेल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. पण त्यात समुपदेशकाच्या उपयोगाचे फार थोडे आहे. आपल्या उपयोगाचे सापडते ते प्रवेशाच्या पर्याय-अर्जात.

चीनमध्ये 'पुन्हा बसायचे' असे ठरवणारी सगळीच मुले कमी गुणांची नसतात. काहींचे गुण बरे असतात, चुकलेला असतो अर्ज. ग्वांगदोंग, हुबेई, ज्यांगसूसारख्या प्रांतांत विद्यार्थी विद्यापीठांचे 'विषयगट' पसंतीक्रमाने लिहितो. ग्वांगदोंगमध्ये ४५, ज्यांगसूमध्ये ४०. प्रत्येक गटात सहा अभ्यासक्रम निवडता येतात आणि खाली एक चौकोन असतो: या सहांपैकी काही मिळाले नाही, तर गटातल्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला पाठवले तर चालेल का? 'नाही' म्हणणारा मुलगा गटाच्या कटऑफमध्ये बसला आणि सहाही अभ्यासक्रम हुकले, तर त्याची फाइल परत येते. ती यादीतल्या पुढच्या गटाकडे जात नाही. उरतात रिकाम्या जागांची फेरी किंवा खालची प्रवेशफेरी. आपल्या कॅपची सवय झालेल्याला हे चटकन पटत नाही.

चजियांग आणि शानदोंगने वेगळी वाट धरली. तिथे एक विद्यापीठ आणि एक अभ्यासक्रम मिळून एक पर्याय होतो. चजियांगमध्ये एका टप्प्याला ८०, शानदोंगमध्ये ९६. नको असलेल्या अभ्यासक्रमात ढकलले जाण्याचा धोका तिथे नाही. मात्र यादी भरायला अक्षरशः आठवडा लागतो. दोन्हीकडे मुलाच्या हातात असावा लागतो तो ७५० पैकी गुणांचा आकडा नव्हे, तर प्रांतातला क्रमांक. प्रत्येक गुणावर किती मुले आहेत याचा तक्ता प्रांत जाहीर करतात, आणि गेल्या वर्षीचा कटऑफ क्रमांकात वाचायचा असतो. मुलगा पुढच्या वर्षी तीस गुण जास्त मिळवेलही, पण पेपर सोपा निघाला तर क्रमांक जागचा हलणार नाही.

दुसऱ्या वर्षाची जोखीम परीक्षेच्या रचनेतही असते. २०२४ मध्ये आन्हुई, ग्वांगशीसह सात आणि २०२५ मध्ये हनान, सिचुआनसह आठ प्रांतांत कला आणि विज्ञान अशा जुन्या शाखा जाऊन '३+१+२' आले: चिनी, गणित आणि परदेशी भाषा, भौतिकशास्त्र किंवा इतिहास यांपैकी एक, उरलेल्या चारांपैकी दोन विषय, तेही मूळ गुणांवर नव्हे तर क्रमांकावरून बदललेल्या गुणांवर. आदल्या वर्षी जुन्या पद्धतीने परीक्षा दिलेल्या रिपीटराला विषय तेच ठेवता आले तरी पेपर आणि गुणपद्धती नवी मिळाली. आपल्याकडे अभ्यासक्रम बदलाच्या वर्षी ड्रॉपचा सल्ला देणाऱ्यांनी एवढे तरी तपासावे.

मग पुन्हा न बसणाऱ्यापुढे काय असते? तीन वर्षांच्या व्यावसायिक महाविद्यालयात जाऊन पुढे पदवीसाठीची परीक्षा देता येते. विद्यापीठात जाऊन अभ्यासक्रम बदलायची खटपट करता येते, पण ते त्या विद्यापीठाच्या नियमांवर ठरते. पैसा असेल तर निंगबोचे नॉटिंगहॅम किंवा सूचौचे शिआन च्याओथोंग-लिव्हरपूल आहे, नाहीतर हाँगकाँग. सिडनी विद्यापीठासारखी काही परदेशी विद्यापीठे गाओकाओचे गुण मान्य करतात. यातला कुठलाही मार्ग 'पुन्हा एक वर्ष' या तीन शब्दांइतका सोपा सांगता येत नाही. म्हणूनच तो पालकांपर्यंत उशिरा पोहोचतो. इथे दोष मुलांचा नाही, आपला आहे.

रिपीटराला काही दारे बंदही असतात. ग्रामीण आणि मागास भागांसाठीच्या विशेष योजनेतून प्रवेश मिळाला आणि जागा सोडली, तर पुढच्या वर्षी त्या योजनेतून अर्ज करता येत नाही. आपल्याकडे जेईई अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, नीटला तशी मर्यादा नाही. पण कुठली जागा सोडल्यावर काय गमावले जाते, हे आपल्यापैकी किती जण पहिल्याच बैठकीत सांगतात? आपण बहुतेक वेळा जिद्द, सातत्य, वेळापत्रक यांवर बोलतो. पालकांना तेच ऐकायचे असते, हेही खरे.

सर्वांत कठीण गाठ नोंदणीच्या तारखेत आहे. विद्यापीठात शिकत असलेल्या विद्यार्थ्याला गाओकाओला बसता येत नाही. परीक्षा ७ जूनला सुरू होते, पण नोंदणी बहुतेक प्रांतांत आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच आटोपते. सप्टेंबरमध्ये 'बघू तरी' म्हणून वर्गात जाऊन बसलेल्या मुलाला दोन महिन्यांत नाव काढून घ्यावे लागते. तोवर त्याची पहिली सत्र परीक्षाही झालेली नसते.