जुनी आगबोट आणि नवा कायदा

जुन्या वस्तूच्या जतनाचा प्रश्न निघाला की दोन तट पडतात. एकास त्या वस्तूत केवळ इतिहास दिसतो, तर दुसऱ्यास केवळ धोका. अमेरिकेतील ‘डेल्टा क्वीन’ या आगबोटीची हकीकत दोन्ही तटांनी विचारात घ्यावी अशी आहे.

मागील अंगास बसविलेल्या प्रचंड चाकाने पाणी मागे सारीत चालणारी ही वाफेची बोट. तिच्या पोलादी सांगाड्याचे भाग स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे घडले, जोडणी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे झाली. १९२७ साली ‘डेल्टा किंग’ या जोडीदारासह ती सॅन फ्रान्सिस्को व सॅक्रॅमेंटो यांच्या दरम्यान रात्रीच्या फेऱ्या करू लागली. १९४० मध्ये ही वाहतूक बंद पडली. महायुद्धात नौदलाने तिला करडा रंग देऊन जखमी सैनिकांची ने-आण करावयास लावले. पुढे सिनसिनाटीच्या टॉम ग्रीन यांनी ती विकत घेतली आणि चोहोबाजूंनी फळ्या ठोकून १९४७ मध्ये पनामा कालव्यामार्गे न्यू ऑर्लिन्सला ओढून आणविली. १९४८ पासून ती ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवर पर्यटकांना हिंडवू लागली.

येथवर सारे ठीक होते. परंतु १९६५ मध्ये मायामीहून निघालेल्या ‘यार्मथ कॅसल’ या जहाजास आग लागून ९० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर, १९६६ साली, पन्नासाहून अधिक उतारूंना रात्री मुक्कामास ठेवणाऱ्या बोटींचे वरचे मजले लाकडी असता कामा नयेत, असा कायदा झाला. ‘डेल्टा क्वीन’चे मजले लाकडीच होते. लोकांनी ओरड केली आणि काँग्रेसने तिला सवलत दिली. ती वारंवार वाढवून २००८ पर्यंत चालविली. मग मात्र बोट थांबली. काही वर्षे ती चॅटानुगा येथे हॉटेल म्हणून उभी होती.

सवलतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, कायदा समुद्रासाठी आहे; नदीत काठ नेहमीच जवळ असतो. हा युक्तिवाद फसवा आहे. ‘डेल्टा क्वीन’ कालव्यातून ओढली गेली त्याच १९४७ साली, १७ जुलै रोजी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. मुंबई काही फार दूर नव्हती, तरीही सहाशेहून अधिक माणसे गेली. काठ जवळ असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे कोकणच्या माणसास तरी सांगावयास नको.

तथापि, म्हणून बोट मोडीत काढावी असेही नव्हे. २०१८ मध्ये नव्याने मिळालेल्या सवलतीत एक शहाणपणाची अट आहे: दरवर्षी लाकडी भागापैकी किमान दहा टक्के भाग सुरक्षिततेच्या नियमांत बसेल असा करावयाचा. चाळीस वर्षे मुदतवाढीत दवडण्याऐवजी ही अट आरंभीच घातली असती, तर दहाएक वर्षांत प्रश्नच उरला नसता. आता सवलत मिळूनही भांडवलाअभावी काम अडले. उलट, ‘डेल्टा किंग’ सॅक्रॅमेंटोच्या काठावर हॉटेल म्हणून स्थिरावली आहे.

बोध स्पष्ट आहे. वारसा टिकतो तो हळहळीने नव्हे, वेळीच केलेल्या दुरुस्तीने आणि त्यासाठी मोजलेल्या पैशाने. कायद्यातून सूट मागणाऱ्याने कामाचा आराखडा सोबत आणावा. आणि सूट देणाऱ्याने तो मागून घ्यावा.