पर्यावरणाचे धर्मशिक्षण : रोपटे लावले, पुढे काय?

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक १८ जून २०१५ रोजी प्रसिद्ध झाले. त्याची दशकपूर्ती पाहण्यापूर्वीच, २१ एप्रिल २०२५ रोजी, पोपमहोदयांना देवाज्ञा झाली. त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे यांनी त्याच वर्षी ९ जुलै रोजी कास्तेल गांदोल्फो येथे, सृष्टीच्या संगोपनासाठी नव्याने सिद्ध झालेल्या प्रार्थनांनिशी मिस्सा अर्पण केला. हा विषय एका पोपच्या व्यक्तिगत आवडीचा होता, अशी ज्यांची समजूत होती त्यांना यातून उत्तर मिळाले आहे. वसुंधरेची काळजी हा ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग आहे. प्रश्न उरतो तो ही शिकवण प्रत्यक्षात शिकविली जाते का, हा.

अनेक धर्मग्रामांत १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा ‘सृष्टीचा काळ’ पाळला जातो. चर्चच्या आवारात रोपटे लावले जाते, मुलांची चित्रस्पर्धा होते, एखादे प्रवचन होते. या उपक्रमांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु परिपत्रकाचे शेवटचे, सहावे प्रकरण पर्यावरणीय शिक्षण व अध्यात्म यांनाच वाहिलेले आहे. शाळा, कुटुंब, प्रसारमाध्यमे यांच्याबरोबरीने तेथे धर्मशिक्षणाचाही उल्लेख आहे. एका दिवसाच्या समारंभाने ही अपेक्षा पूर्ण होत नाही.

शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे कारण नीट समजून घेणे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. ही वाढ मुख्यत्वे कोळसा, तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने झाली आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीहून दीड अंशापेक्षा अधिक उष्ण ठरले. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणूनच पाऊस पडतो तेव्हा तो कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पावसाला बाष्प पुरविणारा अरबी समुद्र आपल्या उंबरठ्याशीच आहे.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे. ती म्हणजे दोष योग्य ठिकाणी ठेवणे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, लोकलगाड्या थांबल्या, मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. अशा वेळी ‘निसर्गाचा कोप’ हा शब्द सहज ओठांवर येतो. कोणी ‘देवाची शिक्षा’ही म्हणतो. परमेश्वराने नोहाशी केलेला करार ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी पुराला देवाचा दंड म्हणू नये. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेले पाणी कोठे जावे हे मात्र बऱ्याच अंशी माणसानेच ठरविलेले असते. वाडीतील बावखल पावसाचे पाणी साठवी, विहिरींना झरे पुरवी आणि खाऱ्या पाण्याला आत सरकू देत नसे. ओढे, मिठागरे, पाणथळ जागा पुराचा भार सोसत. त्यांवर भराव पडले. ही जमीन विकणारे सगळे हात परक्यांचेच होते, असे आपणांस म्हणता येईल काय? सारा दोष जागतिक तापमानवाढीच्या माथी मारणे ही देखील जबाबदारी झटकण्याचीच एक रीत आहे.

तिसरी पायरी न्यायाची. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला झोडपत गुजरातकडे गेले. अशा वादळात ज्यांची होडी फुटते, अवकाळी पावसात ज्या आदिवासी बांधवाचे कापलेले भात भिजते, त्यांनी वातावरणात सोडलेला धूर अगदी थोडा असतो. घरोघरी वातानुकूलन यंत्रे असलेल्या आणि लग्नसमारंभात अन्नाची नासाडी सहज चालवून घेणाऱ्या समाजाने स्वतःला हा प्रश्न विचारला पाहिजे. गरिबांचा आक्रोश व वसुंधरेचा आक्रोश एकच आहे, या शिकवणुकीचा अर्थ तेव्हाच कळतो.

काही जण विचारतात की, आमच्या धर्मग्रामाने प्लॅस्टिकचे पेले सोडले म्हणून जगाचे तापमान उतरेल काय? उतरणार नाही. परिपत्रक लहान कृतींचे मोल मान्य करते. त्या माणसाला घडवितात. मात्र सामाजिक प्रश्न केवळ वैयक्तिक सत्कृत्यांच्या बेरजेने सुटत नाहीत, त्यासाठी समाजाने संघटित व्हावे लागते, असेही ते बजावते. हे दुसरे वाक्य आपल्या प्रवचनांत फारसे ऐकू येत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दृढीकरणाच्या वर्गातील मुलांनी वर्षभर आपल्या धर्मग्रामातील चार-पाच विहिरींची पाण्याची पातळी दरमहा मोजून नोंदवावी. चर्चच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा. वडीलधाऱ्यांना विचारून बुजलेल्या व शिल्लक बावखलांचा आणि ओढ्यांचा नकाशा काढावा. लहान ख्रिस्ती समूहांच्या सभेत त्या नोंदी वाचाव्यात, त्यांवर प्रार्थना व्हावी. चर्च, शाळा व सभागृह यांच्या विजेची बिले धर्मग्राम परिषदेपुढे यावीत. विकास आराखड्यावर हरकती मागविल्या जातील तेव्हा हा नकाशा हातात घेऊन लोकांनी नगरपालिकेत जावे. यासाठी मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते.

वसईला हा मार्ग नवा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस येथे हरित वसईचा लढा उभा राहिला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी, झाडे आणि जमीन हे विषय लोकांपर्यंत नेले. त्या लढ्यात ख्रिस्ती लोकांबरोबर अन्य धर्मीयही होते. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी कालवश झाले. त्यांच्या स्मृतीला हार घालणे सोपे आहे. पण आपल्या वाडीतील पाणी किती हात खोल गेले, हे आज धर्मशिक्षणाच्या वर्गातील किती मुलांना सांगता येईल? परमेश्वराने मानवाला बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी ठेवले, हे ती मुले पाठ करतात. ज्या बागेची राखण करायची, तिची ओळख करून देणे हे आपले काम आहे.