मागावरच्या माणसाचा आरोग्यरक्षक कोण?

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात, नाहीतर १९७० आणि १९८४ च्या दंगली. त्या मागांवर उभ्या असलेल्या माणसाची आठवण मात्र क्वचितच होते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला हा कामगार बारा तासांची पाळी करतो, बिशीत जेवतो आणि सोबती पाळीवर गेला की त्याच्या जागेवर झोपतो. सुताचे बारीक तंतू छातीत जातात, खडखडाटाने कान बधिर होतात. खोकला महिनाभर रेंगाळला तरी तो दवाखान्याची पायरी चढत नाही. कारण त्या दिवसाची मजुरी बुडते.

अशा कामगारासाठी कायदे व योजना नाहीत, असे नव्हे. कर्मचारी राज्य विमा आहे. परंतु त्याला किमान दहा कामगारांची अट आहे. एकाच छपराखालील माग निरनिराळ्या नावांवर चढविले की ती अट चुकविता येते. २०१८ पासून आयुष्मान भारत योजना आहे आणि पात्र कुटुंबाला गावचे कार्ड परराज्यातही चालते. पण तिचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. खोकला धुळीचा की क्षयाचा, हे वेळीच तपासून घे, असे त्याला त्याच्या भाषेत सांगणार कोण?

आशा सेविकांची योजना २००५ मध्ये खेड्यांसाठी सुरू झाली. २०१३ च्या नागरी आरोग्य अभियानाने ती शहरी वस्त्यांत आणली. या भगिनींचे परिश्रम वंदनीय आहेत. तथापि, त्यांच्या कामाचा मुख्य भर माता आणि बालके यांच्यावर आहे. कुटुंब गावी ठेवून आलेला एकटा पुरुष त्यांच्या वहीत सहसा येत नाही.

उपाय आपल्याच महाराष्ट्राने दाखविला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरातील अल्पशिक्षित, निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे धडे देऊन गावोगाव उभे केले. वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षकही त्या त्या पाड्यावरचेच असतात. दोन्हीकडे तत्त्व एकच: सेवक वस्तीतलाच हवा.

भिवंडीतही हेच करता येईल. तेलुगू, भोजपुरी, उर्दू बोलणाऱ्या कामगारांतूनच आरोग्यरक्षक निवडावेत. क्षयाची लक्षणे ओळखणे, थुंकीचा नमुना इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात पोहोचविणे, रक्तदाब मोजणे, योजनेचे कागद जुळविणे एवढे त्यांना शिकवावे. क्षयाचा नेहमीचा औषधोपचार किमान सहा महिन्यांचा असतो. रुग्ण मध्येच गावी निघाला तर तेथे त्याची औषधे चालू राहतील, हेही त्यांनी पाहावे. त्यांनी पाळी बदलताना बिशीत बसावे. मानधनाचा भार मागमालकांच्या संघटनांनी आणि महापालिकेने वाटून घ्यावा. कामगाराच्या घामावर उभ्या राहिलेल्या धंद्याने एवढे ऋण मानलेच पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल. या गर्दीत बांगलादेशी घुसखोरही असतील. त्यांचीही सेवा करायची काय? घुसखोरीचा प्रश्न गंभीर आहे आणि या लेखकाचे त्याबाबतचे मत कठोर आहे. पण तो पोलिसांनी आणि न्यायालयांनी सोडवावयाचा आहे. आरोग्यरक्षकाने कागद तपासायला आरंभ केला की आजारी माणूस लपतो आणि त्याचा क्षय शेजारच्या चार जणांना होतो. २०२२ मध्ये मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली तेव्हा लसीवाचून राहिलेल्या बालकांची किंमत आपण पाहिली आहे. रोग्याची जात, प्रांत किंवा पंथ विचारणे ही आपली सेवापरंपरा नव्हे.

भिवंडीत आणि आसपास सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी मनावर घेतले, तर पहिली तुकडी उभी करण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. एखादी शाळा रविवारी मिळाली, दोन-चार डॉक्टर आणि वीस कामगार जमले, तरी आरंभाला पुरे.