खाडाखोड
बँकेच्या लेजरमध्ये खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला की आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा, शेजारी आद्याक्षरी. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. कादंबरीचा खर्डाही मी तसाच दुरुस्त करत आलो. लिहिण्यात धाकधूक, दुरुस्तीत खरे सुख! ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) या कादंबरीचा शेवट ३९ वेळा लिहिल्याचे हेमिंग्वेने सांगितले. २०१२ च्या आवृत्तीत तर ४७ पर्यायी शेवट छापले गेले. कागद जपले होते म्हणून.

मी एकदा फाडले. वडिलांवर बेतलेले प्रकरण कथानकाला जड होत होते. कादंबरी सुधारली, यात शंका नाही. धाकटी बहीण मात्र अजून विचारते, “दादा, यात अण्णा कुठे आहेत?”